शिंगराचा दाखला

पुणे जिल्ह्यात जन्माला येणाऱ्या शिंगरांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातलं शिंगरू जमिनीला लागलं की त्याचा कागद सुरू होतो. आई कोण, बाप कोण, तारीख कोणती, रंग काय, कपाळावर चांदणी आहे का, भोवरे कुठे कुठे, कोणता पाय कुठवर पांढरा. आईबाप सांगितले तेच आहेत ना, हे डीएनए तपासून पाहिलं जातं आणि मानेत मायक्रोचिप बसते. हे रेसकोर्सवर धावणारे थरोब्रेड. त्यांची देशभराची वंशावळ सांभाळणारी संस्था, स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया, पुण्यातच आहे. १७९१ साली इंग्लंडात वेदरबी नावाच्या गृहस्थानं अशी पहिली वही छापली. आज जगातला कुठलाही थरोब्रेड घ्या, बापाकडून मागे मागे गेलात तर तीनच घोड्यांपाशी पोचता. डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. हे आज ठामपणे सांगता येतं, कारण कुणीतरी ते वेळच्या वेळी लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या वर्गातलं शिंगरू त्याच जिल्ह्यात, चाकण, महाळुंगे, निघोजे, शेलपिंपळगाव अशा गावांच्या कडेला एखाद्या गोठ्यात व्यायलेल्या घोडीचं असतं. त्याच्या जन्माची नोंद कुठेच होत नाही. मोठं झालं की ते बैलगाड्यापुढे शर्यतीच्या घाटात पळतं, लग्नाच्या वरातीत उभं राहतं किंवा धनगराच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, कोकणची वाट धरतं. त्याचा बाप कोण, हे फळवताना हजर असलेल्या दोघातिघांना ठाऊक असतं. ती माणसं गेली की तेवढी माहितीही जाते.

माझ्या माहितीत या दुसऱ्या वर्गासाठी वही घालणारा एकच माणूस होऊन गेला. खेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नोकरी केलेले आमचे गुरुजी. त्यांचं नाव लिहीत नाही. ज्यांनी त्यांच्या हातची छडी आणि त्यांच्या हातचा शेंगदाण्याचा लाडू असं दोन्ही खाल्लं आहे, ते ओळखतील. या लेखाचं निमित्त ते आहेत, आणि त्यांनी हात घातलेलं काम अर्धंच राहिलं आहे, हे लेखाचं कारण.

गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा चाकणचं रूप पालटत होतं. पिंपरी-चिंचवडला कारखानदारी जुनीच. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ पासूनची, पुढे टेल्को आणि बजाज. तिथली जागा भरली तशी कारखानदारी इंद्रायणी ओलांडून उत्तरेला आली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला, मर्सिडीजही आली, पाठोपाठ महिंद्राचा प्रकल्प. कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव मोटारींचं गाव झालं. निवृत्त माणसानं करायची कामंही ठरून गेली होती. एमआयडीसीत गेलेल्या जमिनीच्या पैशातून खोल्या काढायच्या, त्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या आणि उरलेल्या वेळात प्लॉटिंगची बोलणी करायची. गुरुजींनी खोल्या काढल्या. भाड्याचा पैसा मात्र दाण्यात, चाऱ्यात आणि नालात घातला. बांधाकडेचा खडकाळ माळ कुणी घेत नव्हतं, तिथे त्यांनी दोन घोड्या बांधल्या.

पहिली घोडी त्यांनी जत्रेतून आणली नाही. दरवर्षी दिवाळीनंतर धनगरांचा एक वाडा त्यांच्या शेतात मेंढरं बसवायला यायचा. शेताला लेंडीखत मिळायचं, धनगरांना धान्य आणि थोडे पैसे. मेंढरांबरोबर ठेंगणी, रुंद छातीची, बारीक पायांची घोडी असायची आणि तिच्या पाठीवर अख्खा संसार. खाली घोंगड्या, त्यावर भांडी, पीठ, जाळीची वाघर, दुरडीखाली कोंबडी, पिशवीत त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू आणि सगळ्यांत वर दोन-तीन वर्षांचं पोर. एवढं लादून ती घाट उतरायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर तोच घाट चढून परत यायची. धनगर कामाची घोडी सहसा विकत नाहीत. गुरुजींनी कैक वर्षांच्या ओळखीवर एक वयात आलेली शिंगरी मागून घेतली. गावातल्या हौशी मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. घ्यायचीच तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून उंच मारवाडी घ्यावी, कान कसे टोकाला टोक लागतात, चालली की रस्ता बघत राहतो. या तट्टात बघण्यासारखं काय आहे? गुरुजी म्हणायचे, पायांखालचा दगड तिला कळतो.

त्या तट्टाला नाव होतं. भीमथडी. दौंड-बारामतीकडच्या जुन्या तालुक्याचं हे नाव, पण भीमा उगम पावते ती भीमाशंकराच्या डोंगरात, आमच्याच अंगाला. चाकणला कुशीत घेऊन वाहणाऱ्या भामा आणि इंद्रायणी या दोन्ही नद्या भीमेलाच मिळतात. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं, हे वाक्य मराठी माणूस छाती फुगवून सांगतो. मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या अशाच काटक, कमी खाणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या जनावरांच्या बळावर. पागा गेल्या, फौजा गेल्या, आणि ही घोडी जगली ती धनगरांच्या पालांवर. तिला वाचवलं असेल तर घरच्या गरजेनं तिला पोसणाऱ्या या फिरत्या माणसांनी. वाड्यांमधून आणि गढ्यांमधून तिचे पोवाडे तेवढे उरले.

गुरुजींची वही मी पाहिली आहे. शाळेतल्या जनरल रजिस्टरसारखीच त्यांनी ती आखली होती. डावीकडे अनुक्रमांक, मग नाव, जन्मतारीख तिथीसह, जन्मस्थळ. वडिलांच्या नावाच्या आधी आईच्या नावाचा रकाना होता, कारण आई खात्रीची असते, हे त्यांचं कारण. शेवटच्या रुंद रकान्यात बाजूनं पाहिलेल्या घोड्याची आकृती पेन्सिलीनं काढलेली. त्यावर कपाळाची चांदणी, पायांचं पांढरं, गळ्याजवळचा देवमण नावाचा भोवरा, पोटाकडचे भोवरे जागच्या जागी टिंबांनी दाखवलेले. जत्रेत भोवऱ्यांवरून घोडा शुभ की अशुभ ठरतो आणि त्यावर किंमत चढते-उतरते. गुरुजींना त्या शकुनांशी देणंघेणं नव्हतं. पण भोवरा जन्मभर बदलत नाही, रंग मात्र वयाबरोबर पालटतो, म्हणून ओळख पटवायला भोवराच खरा, एवढं त्यांनी हेरलं होतं. थरोब्रेडच्या कागदांवरही नेमके हेच भोवरे टिपतात, हे त्यांना बहुधा माहीतही नसावं.

शिंगरू विकलं की ते घेणाऱ्याच्या हातात एक कागद देत. शाळा सोडल्याच्या दाखल्याचाच नमुना. आईबापांची नावं, जन्मतारीख, ओळखीच्या खुणा, वर्तणूक. वर्तणुकीच्या जागी खरोखरच लिहिलेलं असे: मागून गेल्यास दचकते, ट्रकच्या हॉर्नला भीत नाही, नाल मारताना उजवा पाय देत नाही. घेणारे हसत, कागद घडी करून खिशात घालत आणि पुढे हरवत. गुरुजींकडे स्थळप्रत असायची.

घोडी गाभण राहिल्यापासून व्यायला साधारण अकरा महिने लागतात. उन्हाळ्याच्या तोंडाला दिवस मोठे होऊ लागले की ती माजावर येते, दर एकवीस दिवसांच्या आसपास. व्यायची वेळ बहुतेकदा रात्रीची, आणि माणूस जवळ घुटमळत असेल तर घोडी थांबून राहते, असं घोडेवाले सांगतात. सडांच्या टोकाला मेणासारखे चिकट थेंब आले की एकदोन दिवसांत मोकळी होणार असं धरायचं. गुरुजींनी गोठ्याच्या दारावर आतल्या बाजूनं खडूनं लिहून ठेवलं होतं: तासात उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार. यातलं एक जरी चुकलं तरी डॉक्टरला फोन. जगभरचे घोडेपाळ पाळतात तोच हा नियम. मधली ओळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण शिंगराला आईच्या पोटात रोगप्रतिकाराची शक्ती जवळपास मिळतच नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि पहिल्या काही तासांतच आतडं ती शोषून घेऊ शकतं. गावाकडे काही ठिकाणी पहिला चीक काढून टाकण्याची चाल होती. गुरुजी त्यावर चिडत. शाळेत ज्या आवाजात पाढे म्हणून घेत, त्याच आवाजात ते लोकांकडून हा नियम म्हणून घेत.

घोड्याच्या रक्तातली हीच प्रतिकारशक्ती माणसाच्याही उपयोगी पडते, आणि तो कारखाना पिंपरीतच आहे. हाफकिन संस्थेच्या पिंपरीच्या आवारात सर्पदंशावरच्या लसीसाठी घोडे पाळले जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, मग रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात आणि शुद्ध करून लस भरतात. भातखाचरात घोणस चावलेला खेड-मावळातला शेतकरी जगतो तो कुठल्या तरी घोड्याच्या जिवावर. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट काढली, त्याचीही सुरुवात घोड्यांशी जोडलेली आहे. घरच्या स्टड फार्मवरचे रेसमधून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला दिले जात, त्यातून ती कल्पना आली. या पट्ट्यात घोड्याचं ऋण फार आहे. आपण ते मोटारींच्या गर्दीत विसरलो.

आता घाटाकडे येतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागात गावच्या जत्रेला बैलगाडा पळतो तो चढाच्या धावपट्टीवर, तिलाच घाट म्हणतात. निमगावच्या खंडोबाचा घाट सर्वांना माहीत आहे. गाडा सुटतो तेव्हा पुढे घोडी असते. तिच्यावरचा स्वार बैलांना वाट दाखवत भरधाव निघतो, मागे चार बैल, आणि सगळा हिशेब सेकंदांचा. भोंग्यावरून भिर्रर्र घुमतं. मालकाचं नाव पुकारतात, बैलांची नावं पुकारतात, फळीफोड कुणाचा, घाटाचा राजा कोण, यावर वर्षभर पैजा चालतात. नावाजलेल्या बैलाची वंशावळ गाडामालक तोंडपाठ सांगतील. घोडीचं विचारलं तर उत्तर येतं, गावठी आहे, पण पळते.

सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, त्याला उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा परवानगी आली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदीला कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. काठ्या, खिळे, विजेचे झटके हे सगळं घाटांवर चालत होतं आणि ज्यांनी ते पाहिलं त्यांनी गप्प राहायला नको होतं. गुरुजी गप्प राहत नसत, म्हणून कमिटीवर त्यांना कुणी घेत नसे. पण या मधल्या साडेसात वर्षांत जातिवंत बैलांची काय गत झाली याबद्दल खूप लिहून आलं, घोड्यांबद्दल अवाक्षर नाही. घाटच नाही तर घोडी कशाला, म्हणून दावणीच्या घोड्या सुटल्या. काही वरातीच्या धंद्यात गेल्या, काही बाजारात. शर्यती परत आल्या त्या पैशाच्या पुरासह. मे २०२२ मध्ये चिखलीत झालेल्या शर्यतीत तर बक्षिसाला जेसीबी होता. मग घोड्यांनाही भाव आला, पण कुठल्या घोड्यांना? बाहेरून आणलेल्या उंच घोड्यांना. जत्रेत घोडा इंचांत मोजतात. साठीच्या वरचा आकडा ऐकला की गर्दी जमते. भीमथडी उभी राहते पन्नाशीच्या आसपास. मग ज्याच्याकडे घोडी आहे तो घरधनी ती उंच मारवाडीला किंवा काठेवाडीला दाखवतो, दोन पिढ्यांत उंची येते आणि तो डोंगरी खूर, ते थोडक्यात भागवणारं पोट हरवतं. यात दुष्टावा कुणाचाच नाही. जे विकलं जातं ते माणूस पैदा करतो.

देशातल्या घोड्यांची एकूण संख्याच ओसरते आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती, २०१९ मध्ये ती तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त घट.

आळंदी आणि देहू ही दोन्ही गावं या पट्ट्याला लागून आहेत. ज्ञानोबा माउलींच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी चालत आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, कारण त्यावर माउली आहेत. रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती लाखो लोक कपाळाला लावतात. देशी घोड्याबद्दल मराठी माणसाला माया नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. माया भरपूर आहे. ती कागदावर उतरत नाही, एवढंच.

असं काम कुठे झालं आहे का, हे शोधताना मला अर्जेंटिनातल्या दोन मास्तरांची गोष्ट सापडली. तिथे क्रिओयो नावाचा ठेंगणा, काटक देशी घोडा. युरोपातून आणलेल्या देखण्या वळूंमुळे तो भेसळून संपत चालला होता. एमिलिओ सोलानेत हे विद्यापीठात पशुविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. १९११ मध्ये ते पॅटागोनियात गेले, तिथल्या तेउएल्चे या आदिवासी टोळीकडून शुद्ध राहिलेल्या घोड्या विकत घेतल्या, जातीची लक्षणं लिहून काढली आणि पैदास सुरू केली. १९२३ मध्ये पैदासकारांची संघटना उभी राहिली. तरी लोकांना पटेना. मग एमे चिफेली नावाचा एक स्विस शाळामास्तर त्यांच्याकडे आला. मांचा आणि गातो नावाचे दोन घोडे मागून घेतले, दोघंही पंधराच्या आसपासचे, आणि एप्रिल १९२५ मध्ये ब्युनोस आयर्सहून निघून १९२८ च्या सप्टेंबरमध्ये तो न्यूयॉर्कला पोचला. अँडीजचे घाट, वाळवंट, जंगल, सुमारे सोळा हजार किलोमीटर. वर्तमानपत्रांनी निघताना त्याला वेडा ठरवलं होतं. आज अर्जेंटिनात २० सप्टेंबर हा घोड्याचा दिवस पाळतात तो या प्रवासाच्या आठवणीसाठी.

ही गोष्ट मी गुरुजींना सांगितली तेव्हा त्यांना चिफेलीच्या सफरीचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्यांनी विचारलं ते सोलानेतबद्दल. आदिवासींकडून घोड्या घेतल्या तेव्हा त्यांच्या आयांची नावं त्यानं विचारून घेतली होती का?

गुरुजी गेले त्यानंतर भीमथडीला मान्यता मिळाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातली आठवी जात. बारामतीकडच्या अश्वप्रेमींनी आणि शास्त्रज्ञांनी त्यासाठी चिकाटीनं काम केलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. पण मान्यतेनं एवढंच सिद्ध होतं की अशी जात आहे. तुमच्या दावणीची घोडी तिच्यात बसते की नाही, हे मान्यता सांगत नाही. त्यासाठी वही लागते, एकेका जनावराची, आईबापांसह. ती वही बारामती-दौंडपुरती राहिली तर खेड, शिरूर, मावळातली, धनगरांच्या वाटेवरची घोडी बाहेरच राहील. आणि तीच तर मूळ आहे. नोंदणीचा माणूस कार्यालयात बसून चालणार नाही. दिवाळीनंतर वाडे घाट उतरायच्या आधी आणि ज्येष्ठाच्या अखेरीस परतताना, अशा दोन वेळा त्यानं त्यांना वाटेवर गाठायला हवं. वाडा एका जागी चार दिवस टिकत नाही.

दुसरी अडचण डॉक्टरांची. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचा हात बसलेला असतो, घोड्याच्या पोटदुखीला तो हात पुरत नाही. घोड्याला ओकारी येत नाही, पोट फुगलं की तास मोजावे लागतात. रेसकोर्सच्या आसपास घोड्यांचे उत्तम डॉक्टर आहेत, पण चाकण चौकातली संध्याकाळची कोंडी ओलांडून ते पोचेपर्यंत उशीर होतो. गुरुजींची दुसरी घोडी अशीच गेली. वहीत तिच्या नावापुढे तारीख आहे आणि लाल शाईनं एकच शब्द, पोटशूळ.

त्यांची वही आता पुतण्याकडे आहे. तो कंपनीत शिफ्टला जातो, पहिल्या घोडीची नात त्याच्या दावणीला आहे आणि तिची नोंद त्यानं काकांच्याच रकान्यांत केली आहे. आकृती त्याला जमत नाही, म्हणून मोबाइलवर काढलेले फोटो छापून चिकटवतो: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड, गळ्याखालून भोवरा. गुरुजींच्या जुन्या नोंदींमधल्या कोणकोणत्या घोड्या अजून जिवंत आहेत, हे तो सुट्टीच्या दिवशी गावोगाव विचारत फिरतो. दाखल्याच्या स्थळप्रतीवर घेणाऱ्याचं नाव आणि गाव असल्यामुळे काही सापडल्याही आहेत.

ज्यांच्याकडे अशी घोडी आहे त्यांना एक सांगणं आहे. वंश तपासायला रक्तच लागतं असं नाही. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-पंचवीस केस पुरतात, पण ते मुळासकट उपटलेले हवेत, कात्रीनं कापलेले चालत नाहीत, कारण तपासायचं ते केसाच्या मुळाशी असतं. केस कोरड्या कागदी पाकिटात ठेवावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. पाकिटावर घोडीचं नाव, तिच्या आईचं नाव, गाव आणि तारीख लिहावी.